प्रतिसाद: आधी लेव्हल्स, मग कर्व्ह्ज

फोटो एडिट करताना कॉन्ट्रास्टचा (गडद-उजळ छटांमधल्या फरकाचा) स्लायडर वाढवला की ढग पांढरेफटक होतात आणि केसांचा नुसता काळा गोळा उरतो, अशी एकाची तक्रार आहे. साधा स्लायडर मधल्या छटेपासून दोन्हीकडे सरसकट ताणतो. टोकाचे पिक्सेल 0 (पूर्ण काळा) किंवा 255 (पूर्ण पांढरा) वर जाऊन आदळले, की तिथला तपशील गेलाच.

म्हणून आधी लेव्हल्स, म्हणजे फोटोत पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं कुठे धरायचं ते ठरवणं. हिस्टोग्राम (कुठल्या छटेचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख) 30 ते 215 मध्येच मावत असेल तर त्याखालचा काळा त्रिकोण 30 च्या किंचित अलीकडे आणि पांढरा 215 च्या किंचित पलीकडे आणा. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून त्रिकोण सरकवलात तर कुठला भाग कापला जातोय (0 किंवा 255 वर आदळतोय) ते लगेच दिसतं. धातूवरची चमक कापली गेली तर चालेल, कपाळाची त्वचा अजिबात नाही. धुक्याच्या फोटोत मात्र हे करूच नका, धुकंच नाहीसं होईल.

मग कर्व्ह्ज, म्हणजे कुठली छटा किती गडद किंवा उजळ करायची ते ठरवणारी रेषा. 64 चा बिंदू 56 वर, 192 चा 200 वर. एवढा हलका एस (S) आकार बहुतेक फोटोंना पुरतो. रेषा जिथे उभी, तिथे कॉन्ट्रास्ट वाढतो, आणि जिथे आडवी, तिथे कमी होतो. तेव्हा उभा भाग मुख्य विषयाच्या छटांवरच येऊ द्या.

चेहरा नारिंगी दिसू लागला तर कर्व्ह्जच्या लेयरचा ब्लेंड मोड (थर खालच्या फोटोत मिसळण्याची पद्धत) ल्युमिनॉसिटी करा, म्हणजे फक्त उजळपणा बदलेल, रंग नाही. निळ्या आकाशात पट्टे उमटत असतील तर 8 बिटच्या जेपेगऐवजी रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) जास्त बारीक छटा असलेल्या 16 बिटमध्ये उघडून सुरुवात करा.