गिरणीच्या पगारात भागत होतं, मग कंत्राटी पगारात का भागत नाही?

लालबाग_परळ:
1982च्या संपाआधीचा मुंबईचा गिरणी कामगार आणि आजचा कंत्राटी कामगार, दोघांचाही पगार तुटपुंजा. तरी तेव्हा भागत होतं. ‘तेव्हाची माणसं काटकसरी होती’ हे उत्तर मला पटत नाही. चाळीतल्या खोलीचं भाडं 1947च्या भाडे कायद्याने 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर बांधून ठेवलं होतं. महागाई भत्ता मुंबईच्या कामगार निर्देशांकाला जोडलेला होता, त्यामुळे डाळ-तेल महागलं की पगारही थोडा सरकायचा. शिवाय सत्तरच्या दशकात किमान बोनस 8.33 टक्के झाला, म्हणजे वर्षाला एक जादा पगार. वाण्याची उधारी त्यातून फिटायची. व्यवस्थेने धरून ठेवलं होतं, म्हणून भागलं.

घाटावरचा:
भागत होतं, पण कुणाचं? बायको-पोरं रत्नागिरीला नाहीतर साताऱ्याला. भात, नाचणी, ज्वारी घरच्या शेतातली. गिरणीचा पगार पूर्ण कुटुंबाला पुरत नव्हताच, कमी पडेल ते गावाकडच्या बाईच्या राबण्यातून भरून निघायचं. तो आकडा कुठल्याच हिशेबात येत नाही. इकडे गडी गाळ्यात राहायचा. दहा-पंधरा जणांत एक खोली, पाळीप्रमाणे झोपायचं, ट्रंक आणि वळकटी हाच संसार. जेवण खाणावळीत, पैसे पगाराला. तोवर खाणावळवाली बाई उधारीवर किराणा आणणार किंवा सावकाराकडे दागिना ठेवणार. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते याच बायकांसाठी.

भाडं गोठलेलं होतं हे खरं, पण खोली मिळवायला पागडी, म्हणजे एकरकमी मोठी रक्कम, लागायची. ती ज्याच्याकडे नव्हती तो गाळ्यात किंवा झोपडपट्टीत गेला. मालकांना त्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, चाळी खचू लागल्या, शेवटी 1969च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. आणि बदली कामगार विसरलात? सकाळी गेटवर उभं राहायचं, कायम माणूस गैरहजर असेल तरच काम. नाहीतर रोज बुडाला.

जमाखर्च:
दोघांनीही मोजमाप धरलेलं नाही. 1957च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचं सूत्र दिलं: पुरुष 1, बाई 0.8, दोन मुलं 0.6 प्रत्येकी, असे 3 उपभोग घटक, म्हणजे खाण्याच्या गरजेचे वाटे. प्रत्येक घटकाला रोज 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, शिवाय घरभाडं वेगळं, आणि इंधन-दिवाबत्ती व किरकोळ खर्चाला 20 टक्के. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरायला सांगितलं.

आता उदाहरणादाखल महिना 15,000 पगार घ्या, सगळ्यावर पीएफ. पीएफ 1,800, ईएसआय (कामगारांचा आजारपणाचा सरकारी विमा) 113, व्यवसायकर 200. हातात 12,887. हे 26 हजेऱ्या भरल्या तर. चार खाडे पडले की मूळ पगारच 12,692 होतो आणि हातात येतात 10,873. भाडं मात्र खाडा धरत नाही. अकरा महिन्यांनी भाडेकरार संपला, मालकाने भाडं वाढवलं की नवी अनामत, दलाली, टेम्पो. वर्षभराची शिल्लक तिथेच जाते.

रेशनकार्ड:
पण आज धान्य फुकट आहे. अन्नसुरक्षा कायद्यात माणशी 5 किलो, जानेवारी 2023पासून मोफत. साठच्या दशकात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची आणि तीही पैसे देऊन. आजचा गरीब उपाशी राहत नाही, हे मान्य करायला काय हरकत आहे?

जमाखर्च:
हिशेब करून बघा. चौघांचे 20 किलो, किलोला साधारण 3,450 कॅलरी, म्हणजे दिवसाला 2,300. सूत्राप्रमाणे हव्यात 8,100. चौथ्या हिश्श्याहून जरा जास्त. डाळ, तेल, भाजी, दूध, गॅस बाजारभावाने. त्यात महाराष्ट्रात हा कायदा लागू झाला तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे हे माणशी 5 किलो मिळणाऱ्यांसाठी, शहरात वार्षिक 59,000 उत्पन्नाची मर्यादा ठरली. 15,000 पगारवाल्याचं वर्षाचं उत्पन्न 1,80,000. नियमाने तो बाहेरच.

लालबाग_परळ:
पागडी आणि गावच्या शेतीचा मुद्दा मान्य. माझा आग्रह हमीचा आहे. कायम कामगाराला पुढच्या महिन्याचा पगार ठाऊक असायचा. वाणी उधार द्यायचा तो त्या भरवशावर.

घाटावरचा:
कायम कामगाराला, बदलीवाल्याला नाही. आजचा कंत्राटी कामगार म्हणजे तोच बदलीवाला, फक्त गेट बदललं. किमान वेतनातला विशेष (महागाईचा) भत्ता आजही दर सहा महिन्यांनी बदलतो. कंत्राटदार तो जुन्याच दराने देत राहतो आणि पगारपत्रक दिलं नसलं की कुणाच्या लक्षात येत नाही.

हजेरीपट:
एक कामाची गोष्ट. नवा कंत्राटदार आला की नवा ईएसआय क्रमांक काढू देऊ नका, जुनाच द्या. एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी असेल तरच आजारपणात 70 टक्के वेतन मिळतं, वर्षात 91 दिवसांपर्यंत. दोन क्रमांकांत 40-40 दिवस विभागले गेले तर माणूस 80 दिवस राबूनही रिकामा. पीएफच्या यूएएनचं, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या क्रमांकाचंही तसंच. आधारवरचं नाव आणि नोंदीतलं नाव अक्षर न अक्षर जुळवून घ्या, नाहीतर पैसे काढताना अर्ज परत येतो.