'बॅड टेस्ट' हा चित्रपट तुम्ही कसा पाहिला, आणि कुठे थांबलात? (अनुभव धागा)

धागाकर्त्याचे निवेदन

२००४ साली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मालिकेतील शेवटच्या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले, तेव्हा आमच्या वसतिगृहातील एका मित्राने दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांचा पहिला चित्रपट सीडीवर मिळवून आणला. १९८७ चा 'बॅड टेस्ट' तो हाच. न्यूझीलंडमधील एका किनारी गावातली माणसे परग्रहवासीयांनी मारलेली असतात आणि स्वतःच्या ग्रहावरील खाद्यपदार्थांच्या दुकानांसाठी त्यांचे मांस खोक्यांत भरून ठेवलेले असते. त्यांच्याशी लढायला सरकारी पथकातले चार तरुण येतात, एवढीच कथा. एक परग्रहवासी भांड्यात ओकतो, ते भांडे सर्वांमध्ये फिरते आणि वेश पालटून त्यांच्यात शिरलेल्या तरुणालाही त्यातून प्यावे लागते, या प्रसंगाला खोलीतले निम्मे जण उठून गेले. मी बसून राहिलो, कारण मला किळस आणि हसू एकाच क्षणी येत होते आणि त्यांतले खरे कोणते हे मला ठरवता येत नव्हते. आजही येत नाही, म्हणून हा धागा काढला आहे. ज्यांनी हा चित्रपट पाहिला, अर्धवट सोडला किंवा ज्यांना तो मनापासून आवडला नाही, त्या सर्वांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे.

सोलापूरहून

मी तो अर्धवट सोडला आणि त्याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. चित्रपटात डेरेक नावाचा तरुण कड्यावरून कोसळतो, त्याची कवटी मागच्या बाजूने फुटते, आणि तो बाहेर आलेला मेंदू हाताने आत ढकलून पुढे डोक्याला कमरेचा पट्टा आवळून हिंडत राहतो. त्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला होता, त्याच्या डोक्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तो कितीतरी महिने डोक्याला पट्टी बांधून घरात बसून होता. मैत्रिणी त्या पट्ट्याला हसत होत्या आणि मला मात्र भावाची ती पट्टी दिसत होती. मी काही न बोलता बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन बसले.

पाच-सहा वर्षांनी भावानेच तो चित्रपट कुठून तरी आणला आणि माझ्याशेजारी बसून पाहिला. पट्ट्याच्या प्रसंगाला तो इतका मोकळेपणाने हसला की मी त्याच्याकडेच पाहत राहिले. मला त्याही वेळी हसू आले नाही. परंतु ज्याच्यावर ते सारे गुदरले होते त्याला हसायचे असेल, तर त्याच्या वतीने मी दुखावले जाण्याचे कारण नाही, हे त्या संध्याकाळी मला कळले.

नाशिकहून

मी महाविद्यालयात संस्कृत शिकवत असे. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताने बीभत्स रसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेली भावना, जुगुप्सा (किळस) हा सांगितला आहे आणि बीभत्सातून भयानकाची उत्पत्ती मानली आहे. हास्याचा उगम त्याने शृंगारात दाखवला आहे. पुतण्याच्या आग्रहाने मी हा चित्रपट पाहिला, तेव्हा बीभत्स भयानकाकडे न जाता थेट हास्यात उतरताना दिसला. तो मला आवडला नाही. मात्र पुढच्या तासाला रसांचा संबंध समजावताना मी त्याचे उदाहरण वर्गात दिले, आणि विद्यार्थ्यांनी इतके प्रश्न विचारले की तो तास मला अजून आठवतो.

कोल्हापूरहून

मी हौशी नाटकांची रंगभूषा करतो, त्यामुळे मी हा चित्रपट हातांकडे पाहत पाहिला. जॅक्सन तेव्हा वेलिंग्टनच्या एका वृत्तपत्रात छपाईसाठी छायाचित्रांचे ठसे तयार करण्याच्या विभागात नोकरीला होते आणि मित्रांना घेऊन सुट्टीच्या दिवशी चित्रण करत. हे काम सुमारे चार वर्षे चालले. कॅमेरा चावीचा, १६ मिलिमीटरचा बोलेक्स; एकदा चावी दिली की अर्ध्या मिनिटाच्या आत दृश्य संपवावे लागे, आणि आवाज तर सगळा नंतर भरलेला आहे. परग्रहवासीयांचे लॅटेक्सचे मुखवटे त्यांनी आईच्या स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये भाजले. डेरेक आणि दाढीवाला परग्रहवासी रॉबर्ट या दोन्ही भूमिका त्यांच्याच आहेत, त्यामुळे कड्यावरच्या मारामारीत ते स्वतःशीच झुंजतात. एका बाजूचे चित्रण झाल्यावर दाढीचा फरक पडेपर्यंत दुसऱ्या बाजूसाठी थांबायचे, हा धीर व्यावसायिक माणसांतही क्वचित दिसतो. शेवटच्या टप्प्यात न्यूझीलंड फिल्म कमिशनने पैसा दिला आणि चित्रपट पुरा झाला. त्या वर्षी एका एकांकिकेसाठी मी कापूस, टिश्यू पेपर आणि फेविकॉल यांचे थर देऊन जखम केली. ती पहिल्या रांगेतूनही खरी वाटली, याचा मला आजही अभिमान आहे.

सांगलीहून

वरील कौतुक मला मान्य आहे, तरी एक गोष्ट कोणीच लिहिलेली नाही. त्या सरकारी पथकाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे 'एड्स' अशी होतात. मी बारा वर्षे एचआयव्हीबाधितांसाठी समुपदेशन केले आहे. नातेवाईक ज्यांचे ताट वेगळे ठेवतात अशी माणसे माझ्यासमोर बसून रडली आहेत. मेंदू, उलटी, रक्त हे सगळे रबराचे आणि रंगाचे असते, त्याने कोणाचे काही जात नाही. हा विनोद मात्र खऱ्या माणसांवर होता, आणि १९८७ मध्ये त्यांच्याजवळ औषधही जवळजवळ नव्हते. तेवढ्यासाठी मी हा चित्रपट कोणालाही सुचवत नाही.

वेलिंग्टनहून

आम्ही येथे १४ वर्षांपासून राहतो. ज्या घरात परग्रहवासीयांचा तळ दाखवला आहे आणि जे शेवटी यानासारखे उडते, ते पोरिरुआ येथील गिअर होमस्टेड. एकोणिसाव्या शतकात जेम्स गिअर यांनी ते बांधले, आणि त्यांचा व्यवसाय मांसाचा होता. आता तेथे लग्नसमारंभ होतात. कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या स्वागतसमारंभाला आम्ही तेथे गेलो, तेव्हा शेजारी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी अग्निबाण लागून मेंढी उडते तो प्रसंग आपणहून सांगितला आणि त्यांचे डोळे हसून पाणावले. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी या देशात सुमारे ७ कोटी मेंढ्या होत्या, म्हणजे माणसामागे वीसहून अधिक. देशाची बरीचशी कमाई त्यांच्यावर आणि मांसाच्या निर्यातीवर चाले. माणसाचेच मांस खोक्यांत भरून परदेशी पाठवण्याची कल्पना येथल्या लोकांना इतकी जवळची का वाटते, ते मला त्या टेबलाशी बसल्यावर उमगले. पुण्यात पाहताना मला ती केवळ ओंगळ वाटली होती.

ठाण्याहून

मी चित्रपट पाहिलेला नाही आणि पाहीन असे वाटत नाही. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. तो मित्रांसह भयपट बनवत आहे आणि गेल्या महिन्यात त्याने माझ्या ओव्हनमध्ये मुखवटा भाजला. मी त्याला फार बोलले. वर कोल्हापूरच्या सदस्यांनी लिहिलेली आईच्या ओव्हनची हकीकत वाचून मी तो मुखवटा कपाटातून काढून पुन्हा नीट पाहिला. त्याने कानांच्या पाळ्यांवर बारीक शिरासुद्धा कोरल्या आहेत, त्या मला तेव्हा दिसल्या नव्हत्या. लॅटेक्स भाजलेल्या ओव्हनमध्ये पुन्हा अन्न शिजवणे सुरक्षित आहे की नाही, हे रंगभूषेचे काम करणाऱ्यांनी कृपया लिहावे. तसे नसेल, तर हा ओव्हन मी त्यालाच देऊन टाकणार आहे.