सध्या काय ऐकताय? ललिता गौरी, तीन गळ्यांतून

तात्या (सध्या मुक्काम कोल्हापूर):

मंडळी, नमस्कार.

आठ दिवस पाऊस उघडायचं नाव घेत नाही. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, रंकाळ्यावर फिरायला जायची सोय नाही, म्हणून माळ्यावरच्या बाबांच्या कॅसेटी काढून उतरवत बसलोय. दोनशेच्या वर निघाल्या, निम्म्यांना बुरशी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्या रात्री मी लांब, माझ्या राहत्या गावी, फोनवर ते व्हिडिओ बघत जागा होतो. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं थिएटर एका रात्रीत जातं, तिथं आमच्या माळ्यावरच्या कॅसेटींची काय कथा. तेव्हाच यायचं होतं, यंदा जमलं.

ऐकतोय काय ते सांगतो. गेले चार दिवस दिवेलागणीला एकच राग लावतोय, ललिता गौरी. आधी केसरबाई केरकरांची तीन मिनिटांची तबकडी, मग मल्लिकार्जुन मन्सूर, मग किशोरीताई आमोणकर. मधे दुसरं काही नाही, चहासुद्धा नंतर.

अल्लादियाखाँसाहेब १८९५ पासून शाहू महाराज जाईपर्यंत, म्हणजे १९२२ पर्यंत, या गावात दरबारगायक होते. जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून जिला सगळा देश ओळखतो ती गायकी इथं नांदली. आणि खाँसाहेबांची एक तबकडी नाही. १९४६ पर्यंत हयात होते, गायिका गौहरजानचं ध्वनिमुद्रण १९०२ सालचं, म्हणजे यंत्र नव्हतं असंही नाही. लहानपणी इथल्या देवल क्लबात, म्हणजे गाण्याच्या संस्थेत, मागच्या सतरंजीवर बसून मी म्हाताऱ्या माणसांना ‘खाँसाहेब असं घ्यायचे’ म्हणून हातवारे करताना बघितलंय. गाणं हवेत हाताने काढून दाखवायचे. तेवढंच आमच्या वाट्याला आलं.

म्हणून हा खटाटोप. केसरबाई खुद्द खाँसाहेबांकडे शिकल्या. मन्सूर आधी मंजीखाँकडे, ते १९३७ साली गेल्यावर भूर्जीखाँकडे, म्हणजे मुलांकडून. किशोरीताई आईकडून, आणि मोगूबाई पुन्हा खाँसाहेबांच्याच. तीन वाटा, पण विहीर एक. तिन्ही गाणी लागोपाठ ऐकली की जे तिघांतही सापडतं ते खाँसाहेबांचं असणार, असा माझा हिशोब आहे. मला सापडलं ते असं: तान सरळ जिन्यासारखी कुणीच चढत नाही. वर जाता जाता मागे वळते, आडवी होते, आणि तरी लयीचं बोट सोडत नाही. आकार, म्हणजे गाताना लावलेला ‘आ’, उघडा, आणि दम कुठं घेतला ते कळू देत नाहीत.

तुम्ही काय ऐकताय ते लिहा.

तात्या

डॉक्टरकाका (टोरांटो):

तात्या, मेल वाचून कपाटातल्या तबकड्या खाली काढल्या. पण हिशोब मला मान्य नाही, आणि स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

तिघांत जे समान तेच मूळ, हे कसं? किशोरीताई अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकल्या, त्या भेंडीबाजार घराण्याच्या. एकेका स्वरापाशी थांबून त्याला सगळ्या बाजूंनी न्याहाळायची पद्धत किशोरीताईंनी स्वतः विचार करून घडवली. ते त्यांचं थोरपण आहे, घराण्याची पावती नव्हे. उलट खाँसाहेबांचं एखादं खास अंग एकाच शिष्याकडे उतरलेलं असेल आणि बाकी दोघांत सापडणारच नाही. तुमच्या चाळणीतून नेमकं तेच गळून जाईल.

आणखी एक, हे जास्त महत्त्वाचं. तुम्ही केसरबाईंची तबकडी कुठल्या प्रतीवरून ऐकताय? त्या काळी तबकडी मिनिटाला बरोबर ७८ फेरेच फिरवून मुद्रित केली असेल असं धरता येत नाही. उतरवून घेणारा मात्र डोळे झाकून ७८ वर लावतो. वेग सहा टक्के वाढला की काळी एकचा गळा पांढरी दोनला, म्हणजे पेटीच्या पुढच्याच पट्टीला, जातो, आणि तानही तेवढीच जलद होते. मग आपण म्हणतो, बाई काय विलक्षण दाणेदार तान घेतात! त्या घेतातच, पण तुम्ही ऐकताय ती त्यांच्या लयीत आहे का ते आधी बघा.

मी सध्या अब्दुल करीमखाँसाहेबांचा झिंझोटी राग ऐकतोय, ‘पिया बिन नाही आवत चैन’. त्यांचं मिरज तुमच्यापासून पन्नास किलोमीटर. एवढ्या अंतरात गाणं किती बदलतं पाहा. कोल्हापुरात लय आधी, मिरजेत स्वर आधी. त्या तीन मिनिटांत त्यांना कसलीच घाई नाही. मला अजून कळत नाही हे जमतं कसं.

डॉक्टरकाका

अक्का (मेलबर्न):

दोघांचंही वाचलं. काका, झिंझोटीबद्दल शंभर टक्के.

माझ्याकडे सकाळ आहे, म्हणून मन्सूरांचा खट राग. ‘विद्याधर गुनियन’. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात सांगली आकाशवाणी लागायची, आणि आई भाकरी थापता थापता मधेच हात थांबवायची. ती गाण्यातली नव्हती. पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आली की तिचा हात बरोबर परातीवर पडायचा. मन्सूर ऐकताना मला ते आठवतं. सम येतेय अशी ते चाहूलच लागू देत नाहीत, आणि आली की वाटतं, हिच्याशिवाय दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं.

तात्या, एक नाव तुम्ही विसरलात म्हणून रागावले आहे. धोंडूताई कुलकर्णी! आपल्या कोल्हापुरात जन्मलेल्या, १९२७ च्या. भूर्जीखाँसाहेबांकडे शिकल्या आणि पुढे केसरबाईंकडेही. म्हणजे तुमच्या तीनपैकी दोन वाटा एकाच गळ्यात येऊन मिळतात. त्यांनी आयुष्यभर गाण्यात पाणी घातलं नाही, म्हणून नाव कमी झालं. मिळतील तेवढी ध्वनिमुद्रणं ऐका. आवाज पहिल्या पाच मिनिटांत कदाचित भुलवणार नाही, पण रागाचं चलन इतकं स्वच्छ की वहीत उतरवून घ्यावं.

अक्का

सोनू (न्यू जर्सी):

तात्याआजोबा, काका, अक्का, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय.

मी केसरबाईंची भैरवी ऐकली, ‘जात कहाँ हो’. १९७७ च्या व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत ती आहे हे कळलं म्हणून ऐकली, आणि मग दिवसभर तीच चालू ठेवली. साडेतीन मिनिटं. त्यानंतर ललिता गौरी लावली आणि काहीच कळलं नाही. त्यातला ललित राग ओळखू येतो म्हणेपर्यंत हातातून निसटतो. माझं काही चुकतंय का?

सोनू

तात्या:

सोनूबाळ, काही चुकत नाही. ललित ओळखू आला आणि निसटला, हाच तर ललिता गौरी. शुद्ध आणि तीव्र असे दोन्ही मध्यम आले की ललित दिसतो, आणि तो स्थिर होतोय तोवर गौरी पुढे येते. या घराण्याला असे जोडराग प्रिय, पण एकाला दुसरा चिकटवलेला दिसला की फसलं. तू आधी किशोरीताईंपासून सुरू कर. त्या दार सावकाश उघडतात. मग मन्सूर. केसरबाई शेवटी, कारण तीन मिनिटांत त्या काहीच समजावत बसत नाहीत.

अक्का, चूक कबूल. धोंडूताईंचं नाव माझ्याकडून राहायला नको होतं. भूर्जीखाँसाहेब कोल्हापुरातच राहिले म्हणून तर ते शिक्षण इथल्या मुलीपर्यंत पोचलं.

डॉक्टर, काल रात्री तुमचं ऐकून तबकडीचा वेग थोडा थोडा खाली आणत बसलो. अचूक सूर कुठला हे मी सांगू शकत नाही, पण तीन-चार टक्के उतरवल्यावर बाईंचा आवाज रुंद झाला. छातीतून आल्यासारखा. चाळणीबद्दलही तुमचं बरोबर असेल. पण खाँसाहेबांबद्दल सांगतात ना, की अतिगाण्याने आवाज बिघडला आणि त्यानंतर त्यांनी सगळी गायकी नव्याने बांधली? म्हणजे मूळ गळ्यावर ती उभी नव्हतीच, बांधणीवर उभी होती. गळा गेला तरी बांधणी शिष्यांच्या हाती देता येते. म्हणून मी अजून आशा सोडलेली नाही.

एक कॅसेट मात्र अडलीय. बाबांच्या अक्षरात फक्त ‘देवल क्लब, रात्री’ एवढंच लिहिलंय, साल नाही, नाव नाही. कुणा बाईंचा आवाज आहे, राग बहुतेक नट कामोद. तबला लांब, हार्मोनियम फार जवळ. गाणाऱ्या बाईंच्या घरच्यांची परवानगी घ्यायला गाणं कुणाचं ते तरी कळायला हवं, म्हणून ती नेटवर टाकणार नाही. अक्का, तुम्ही ओळखाल.

येत्या शनिवारी सगळे मिळून ती ऐकू, कोल्हापूरचे संध्याकाळी साडेसहा. न्यू जर्सी आणि टोरांटोत सकाळचे नऊ, मेलबर्नला रात्रीचे अकरा. अक्का, जागता येईल का? वीज राहिली तर कॅसेटच्या दोन्ही बाजू लावतो.

तात्या