मदत हवी आहे: स्पोर्ट्स कार एक्स्चेंजला देऊन लॅम्बो घ्यावी का? अर्जंट (सोलापूर)

चादरवाला_१३
नमस्कार मंडळी. शनिवारी टोकन द्यायचंय म्हणून घाईत लिहितोय, पटकन सांगा. माझ्याकडची स्पोर्ट्स कार डीलर एक्स्चेंजमध्ये ६४ लाखाला धरतोय आणि वरचे पैसे भरून लॅम्बोर्गिनीची हुराकान मिळतेय. कॉलेजात असताना पार्किंगमध्ये बसून आम्ही पोरं व्ही-१० चा (तिच्या दहा सिलिंडरच्या इंजिनाचा) आवाज मोबाईलवर लावून ऐकायचो, तेव्हापासून डोक्यात आहे. गाडी बघितली, एकदम मस्त, रंग पण मला हवा होता तोच. सोलापुरात कुणी सुपरकार ठेवली असेल तर जमतं का सांगा. घ्यावी का नको एवढंच हवंय, पैसे कुठं गुंतवावे हे ज्ञान नको.

होटगीरोड
अरे पण कुठली स्पोर्ट्स कार बे? हुराकान कुठल्या सालची, किती फिरलेली, पासिंग कुठलं, कितीला देतोय? भाजीला काय आणू म्हणून विचारल्यागत विचारूलालास.

चादरवाला_१३
पोर्शची केमन आहे, ७१८. २०१९ ला घेतलेली. हुराकान २०१७ ची, हिरवी. २ कोटी १५ सांगतोय, थोडं खाली येईल. बाकी गाडी कमी फिरलीय.

पुणेरी_पिस्टन
"हुराकान" हे एकच मॉडेल नाही हो. २०१४ ला आली ती एलपी ६१०-४, म्हणजे ६१० पीएस (अश्वशक्ती) आणि चारही चाकांना ताकद. नंतर एलपी ५८०-२ आली, ती ५८० पीएस आणि फक्त मागच्या चाकांवर चालते. २०१९ ला इव्हो आली ६४० पीएसची. इंजिन सगळ्यांचं ५.२ लिटर व्ही-१०, टर्बो नसलेलं, पण नवीन घेतानाही किमतीत फरक होता आणि जुन्यात तर पडतोच. तुमची २०१७ ची यातली कुठली? आरसीवर बघा, मागच्या बॅजवर विश्वास ठेवू नका, बॅज कुणीही चिकटवतो. ५८० असेल आणि ६१० च्या भावाने विकत असेल तर विषय तिथंच संपतो.

चादरवाला_१३
व्ही-१० आहे एवढं पुरे की. चार चाकं का दोन हे मी सोलापुरात कुठं बघणार, सात रस्ता चौकात ड्रिफ्ट मारणार आहे काय.

पुणेरी_पिस्टन
प्रश्न ड्रिफ्टचा नाही, पैशाचा आहे. ६१०-४ ला कार्बन सिरॅमिक ब्रेक कंपनीतूनच यायचे, ५८०-२ ला साधे स्टीलचे. सिरॅमिक डिस्क झिजलेल्या असतील तर चारही बदलायच्या खर्चात चांगली हॅचबॅक येते. म्हणून विचारतोय.

आरएट_भक्त
इंजिन तेच हवंय तर ऑडी आर८ घ्या ना राव. दुसऱ्या पिढीच्या आर८ मध्ये हाच ५.२ व्ही-१०, प्लसला ६१० पीएस, आणि चालवायला जास्त आरामशीर. २०२४ ला उत्पादन बंद झालंय त्यामुळे पुढे भाव टिकणार. लॅम्बो म्हणजे फक्त नाव.

होटगीरोड
त्याला नावच पाहिजे बे. पोस्ट नीट वाच की.

आरएट_भक्त
वाचली. पोरगं भावनेच्या भरात आहे म्हणून तर सांगतोय. हुराकानचंही उत्पादन २०२४ लाच संपलं, त्या जागी टेमेरारिओ आली, ट्विन टर्बो व्ही-८ हायब्रिड. म्हणजे हा व्ही-१० दोन्हीकडे संपला. मग कमी पैशात घ्यावा ना.

होटगीरोड
हां तर मूळ प्रश्न, सोलापुरात जमतं का. माझ्याकडं बीएमडब्ल्यूची झेड-फोर आहे, ती पण बुटकीच गाडी, त्यावरून सांगतो. हायवेला काही म्हणजे काही टेन्शन नाही. पुण्याचा रोड चौपदरी, सकाळी लवकर निघायचं, सावळेश्वर टोल गेला की मोकळं. हैदराबाद साईड पण चांगली. लफडं सगळं घरापासून हायवेपर्यंत. स्पीडब्रेकर नियमाप्रमाणं १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, आपल्याकडं कॉलनीवाले रात्रीत डांबराचा ढीग टाकून मोकळे होतात, रुंदी वीतभर आणि उंची विचारू नको. मी विजापूर रोडच्या एका सोसायटीत मित्राकडं जायचंच सोडलंय, तो येतो माझ्याकडं. हुराकानला पुढचं नाक बटण दाबून वर होतं, पण ती लिफ्ट ऑप्शनमध्ये होती, सगळ्यांना नसते. तुझ्यात आहे का ते बघ. नसेल तर सोलापुरात घेऊच नको, स्पष्ट सांगतो. आणि तू राहतोस कुठं?

चादरवाला_१३
अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या पुढं. केमन घासत नाही कधी, तिरकी घेतो.

जुळे_सोलापूर
एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे का तुमचा? लग्नात आहेर द्यायला दोनशे टॉवेल हवे होते, होलसेल रेट व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अक्कलकोटकर
माझं ऐका, दोन्ही विका आणि फॉर्च्युनर घ्या. उरलेले एसआयपीत टाका. दर गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला सगळं घर एकत्र जाईल. दोन सीटच्या गाडीत बायको बसली की पोरं कुठं बसवणार?

चादरवाला_१३
लग्न झालं नाही अजून. आणि पहिल्याच पोस्टमध्ये ज्ञान नको म्हणालो होतो.

अक्कलकोटकर
मग तर आधी लग्न करा.

सीए_बाळीवेस
एक साधा प्रश्न विचारतो, अजून कुणी विचारला नाही. केमन कुणाच्या नावावर आहे? तुमच्या का फर्मच्या?

चादरवाला_१३
फर्मच्या. मी आणि मोठा भाऊ पार्टनर. ते कशाला हवंय?

सीए_बाळीवेस
सगळं तिथंच अडकलंय म्हणून. दरवर्षी गाडीवर १५ टक्के घसारा घेतला असणार. समजा २०१९ च्या एप्रिलमध्ये १ कोटी ८ लाखाला पुस्तकात चढवली, तर सहा वर्षं घसारा जाऊन किंमत ४१ लाखांच्या आसपास उरते. आता ती ६४ ला देताय. जीएसटीत नोंदणी असलेल्या फर्मने घसारा घेतलेली जुनी गाडी विकली की विक्री आणि पुस्तकी किंमत यांच्यातल्या फरकावर जीएसटी लागतो, तो दर १८ टक्के. म्हणजे २३ लाखांवर चार लाखांच्या वर कर. एक्स्चेंज असलं तरी ती विक्रीच. डीलर ६४ म्हणतोय ते तुमच्या हातात ६० च धरा. घसारा घेतला नसेल तर हिशेब वेगळा, पण तुमच्या सीएंनी घेतला असणारच. घेताना जीएसटीचं क्रेडिट तर मिळालेलं नाहीच, प्रवासी गाडीला ते मिळत नाही.
आणि नवीन गाडी पण फर्मच्याच नावावर घेणार का? भाऊ काय म्हणतात?

चादरवाला_१३
हे डीलरने सांगितलं नाही. भाऊ म्हणतो तुझं तू बघ, सही करतो. म्हणजे आधी म्हणत होता. आता म्हणतो आधी गाडी कुणाला तरी नीट दाखव.

होटगीरोड
भावाचं डोकं ठिकाणावर आहे बे तुझ्या.

पुणेरी_पिस्टन
पासिंग कुठलं हे होटगीरोड यांनी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं, अजून कळलेलं नाही.

चादरवाला_१३
टीएस. हैदराबादची गाडी आहे. एमएच १३ करून देतो म्हणालाय.

सीए_बाळीवेस
"करून देतो" यात पैसे कुणाचे हे लिहून घ्या. तिथल्या आरटीओची एनओसी, लोन असेल तर बँकेचा बोजा उतरवलेला, मग इथं महाराष्ट्राचा टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे, आणि तेलंगणाचा भरलेला टॅक्स परत मागायचा तर अर्ज मूळ मालकाने करायचा. तो मालक सापडतो का बघा. महाराष्ट्रात वन टाइम टॅक्सची वरची मर्यादा २०२५ च्या जुलैपासून २० लाखांवरून ३० लाख केलीय, आणि कंपनीच्या नावावर दर जास्त पडतो. टॅक्सचा आकडा सोलापूर आरटीओतून आधी काढून आणा, एजंटाच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका.

थांबा_आणि_पहा
माझ्या मते आता कुणीच घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ५० टक्क्यांचा कर ४० झालाय, शिवाय इंग्लंडशी करार झालाय, इम्पोर्ट ड्युटी १० टक्क्यांवर येणार. जुन्या सुपरकारचे भाव कोसळणार, लिहून ठेवा.

पुणेरी_पिस्टन
५० हा एसयूव्हीला होता, २८ जीएसटी अधिक २२ सेस. बाकी मोठ्या गाड्यांना २८ अधिक २० म्हणजे ४८. आणि इंग्लंडच्या कराराचा लॅम्बोशी काय संबंध? ती इटलीत सांत'आगाता बोलोन्येझेला बनते. इंग्लंडहून मॅक्लारेन येईल, ॲस्टन मार्टिन येईल, ते पण कोटा ठरलाय तेवढ्याच.

थांबा_आणि_पहा
भाव एकमेकांवर अवलंबून असतात साहेब. मॅक्लारेन स्वस्त झाली तर लॅम्बोला कोण विचारतो?

आरएट_भक्त
म्हणूनच आर८.

हैदराबादी_अण्णा
नमस्ते, मूळचा सोलापूरचा, आता वीस-एक वर्षं हैदराबादेत. इथं जुन्या महागड्या गाड्यांचा धंदा मोठा आहे, चांगली माणसं पण आहेत. पण भाऊ, २०१७ ची गाडी आणि हैदराबाद म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिली गोष्ट पूर येते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये इथं एका रात्रीत एवढा पाऊस झाला की अपार्टमेंटच्या सेलरमध्ये, म्हणजे तळघरात, उभ्या गाड्या बुडाल्या, छोट्या पण आणि मोठ्या पण. तुमची ती असेलच असं म्हणत नाही. पण विम्याचा क्लेमचा इतिहास मागवा, खास त्या महिन्यातला. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाशी चिखलाची रेघ दिसते, ती कुणी धूत बसत नाही. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का, कार्पेटच्या खाली वास येतो का. एवढी भारी गाडी एवढी कमी का फिरली हे पण विचारा. आणि "कमी फिरली" म्हणजे किती ते तुम्ही अजून पण सांगितलं नाही.

चादरवाला_१३
११ हजार. सर्व्हिस बुक आहे म्हणतो, बघितलं नाही.

पुणेरी_पिस्टन
न बघता २ कोटी? बुक नको, चासी नंबर घेऊन मुंबईच्या अधिकृत सर्व्हिसला विचारा, त्यांच्या सिस्टीमला झालेली प्रत्येक नोंद असते. डायग्नॉस्टिक स्कॅन करून घ्या, ड्युअल क्लचची झीज त्यात कळते. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. कमी फिरलेल्या गाडीला मूळचेच टायर असायची शक्यता जास्त, म्हणजे नक्षी नवी दिसते आणि रबर दगड झालेलं असतं. मागचे ३०५ रुंदीचे आहेत, सोलापुरात मागितलेत तर दुकानदार चहा पाजून परत पाठवेल.

होटगीरोड
सोलापूरला कमी समजू नको बे. विमान सुरू झालंय आता.

जुळे_सोलापूर
विमान सुरू झालं पण त्यासाठी विमानतळाजवळच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली २०२३ ला, ते विसरलात का. आधी त्यावर बोला.

होटगीरोड
चिमणी होती म्हणूनच विमान अडकलं होतं. तू सभासद आहेस का?

जुळे_सोलापूर
आहे. मग?

मॉडरेटर
चिमणीवर आधीच तीन धागे आहेत आणि तिन्ही कुलूपबंद आहेत. इथं गाडीपुरतं बोला.

होटगीरोड
बरं. पेट्रोलचं राहिलं. जिथं ९५ ऑक्टेनचं मिळतं असे पंप हाताशी ठेव, साधं टाकू नको. बॅटरीला चार्जर कायम लावून ठेवायचा, नुसती उभी राहिली तरी उतरते. आणि एमआयडीसीत शेड आहे म्हणून तिथं ठेवू नको, गोडाऊनमध्ये उंदीर असतात, वायरिंग खाल्लं तर मुंबईपर्यंत फ्लॅटबेडवर ४०० किलोमीटर. केमन विकायची नाही असा विचार केला का? एवढी सरळ गाडी परत मिळायची नाही, पेट्रोलवरची ७१८ पण बंद झालीय आता.

चादरवाला_१३
दोन्ही ठेवणं परवडत नाही, परवडलं असतं तर विचारलं कशाला असतं. केमन चांगलीच आहे हो, पण चार सिलिंडरचा आवाज. रोज ऐकून मला त्याचा कंटाळा आलाय, हे इथं कुणाला समजत नाही. बाकी सगळं बरोबर आहे तुमचं, पण मी हिशेबाला गाडी घेत नाहीये.

सीए_बाळीवेस
हौसेला घ्या, हरकत नाही. पण मग स्वतःच्या नावावर घ्या. फर्मच्या पुस्तकात हौस आली की पुढं भाऊ वेगळे व्हायची वेळ आल्यावर ती गाडी कुणाची यावर बसावं लागतं. माझ्या ऑफिसात अशा बैठका होतात, त्यात गाडीची किंमत कमी आणि आवाज जास्त असतो.

हैदराबादी_अण्णा
शुक्रवारी मी मोकळा आहे. डीलरचा एरिया व्यनि करा, ओळखीचा टेक्निशियन स्कॅनर घेऊन येईल, त्याची फी तुम्ही द्या. डीलर नाही म्हणाला तर तेही मला कळवा.

चादरवाला_१३
केला व्यनि.

चादरवाला_१३
अपडेट. गाडी ५८०-२ निघाली. नाकाची लिफ्ट आहे. सीटबेल्ट स्वच्छ, पाण्याचं काही दिसलं नाही, अण्णांनी कार्पेट उचलून बघितलं, त्यांचे आभार. टायर २०१७ चेच. स्कॅन करू दिला नाही, म्हणे टोकन दिल्यावर करा. भाऊ म्हणाला स्कॅन नाही तर सही नाही. मी डीलरला सांगितलंय की स्कॅन, नवीन टायर आणि १ कोटी ९०, पासिंग त्याच्या खर्चाने, आणि केमन एक्स्चेंजला देत नाही, बाहेर विकणार. गाडी माझ्या नावावर. हो म्हणाला तर घेतो. शनिवारी टोकन दिलेलं नाही.

पुणेरी_पिस्टन
केमन बाहेर विकली तरी १८ टक्के लागणारच, फर्मची आहे ती.

सीए_बाळीवेस
लागणार. पण बाहेर ७० आले तर कर भरूनही डीलरपेक्षा जास्त उरतात. बरोबर केलंत.

आरएट_भक्त
१ कोटी ९० मध्ये आर८ प्लस आणि वर बरेच पैसे उरतील.

बुलेट_पंढरपूर
नमस्कार, माझा पण असाच प्रश्न आहे. बुलेट एक्स्चेंजला देऊन मोठी बाईक घ्यावी का? लवकर सांगा, शोरूममध्येच उभा आहे.

मॉडरेटर
नवीन धागा काढा. आणि कुठली बुलेट, कुठल्या सालची, ते लिहा.