स्ट्रोकच्या रुग्णात कॉर्टिसॉल, कोपेप्टिन, टी३: रक्त नेमकं कधी घ्यायचं?

मेडिसिन_पीजी
प्रबंधाचा विषय: इस्केमिक स्ट्रोकमध्ये (मेंदूची रक्तवाहिनी बंद होऊन आलेला झटका) दाखल होतानाची हार्मोन्स आणि ९०व्या दिवसाचा एमआरएस (रुग्णाचं परावलंबन मोजणारा गुणांक). कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन), कोपेप्टिन (व्हॅसोप्रेसिनसोबत सुटणारा तुकडा), आणि थायरॉइडसाठी एफटी३, एफटी४ (मोकळं टी३, टी४), टीएसएच करायचं ठरलंय. रुग्ण रात्री-अपरात्री येतात. कॉर्टिसॉलसाठी सकाळी ८ पर्यंत थांबायचं का? शिवाय गाईड विचारतात, थेट व्हॅसोप्रेसिनच (शरीरात पाणी राखणारं हार्मोन) का नाही मोजत?

बायोकेम_लॅब
व्हॅसोप्रेसिन बहुतांशी प्लेटलेट्सना चिकटलेलं असतं आणि रक्तात काही मिनिटंच टिकतं. सेंट्रिफ्यूज कमी पडून प्लाझ्मात प्लेटलेट्स राहिल्या की आकडा फुगतो. कोपेप्टिन हा त्याच मूळ प्रथिनाचा ३९ अमिनो आम्लांचा शेवटचा तुकडा. जेवढं व्हॅसोप्रेसिन सुटतं तेवढंच हेही सुटतं, आणि ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) प्लाझ्मात साध्या तापमानालाही ७ दिवस टिकतं. जांभळ्या टोपीची (ईडीटीएची) नळी ८-१० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करा, जोरात हलवू नका.

एसीटीएच (कॉर्टिसॉल सोडायला लावणारं हार्मोन) यादीत नाही ते बरंच. त्याला बर्फ आणि थंड सेंट्रिफ्यूज लागतं. पुढे रेनिन (किडनीतून सुटणारं, रक्तदाबाशी निगडित) घेतलंत तर ते मात्र बर्फात ठेवू नका, थंडीने प्रोरेनिन (त्याचं निष्क्रिय रूप) सक्रिय होऊन आकडा फुगतो.

स्ट्रोक_वॉर्ड
सकाळपर्यंत थांबू नका. दाखल होताना एक नमुना, दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला दुसरा. मोठ्या स्ट्रोकमध्ये कॉर्टिसॉलची दिवस-रात्रीची लय सपाट होते. ती झालीय का, हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावरच कळतं.

नळीपेक्षा वेळेच्या नोंदीत जास्त प्रबंध बुडतात. फॉर्मवर तीन वेळा हव्यातच: रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला ती, रक्त घेतलं ती, आणि मॅनिटॉल किंवा ३% सलाईन (मेंदूची सूज उतरवायला देतात) सुरू केलं ती. दोन्हींनी ऑस्मोलॅलिटी (रक्तातल्या विरघळलेल्या कणांची तीव्रता) चढते आणि व्हॅसोप्रेसिन सुटायला तेवढं पुरतं. मॅनिटॉलनंतरचं कोपेप्टिन स्ट्रोकचं किती आणि बाटलीचं किती, हे मग कुणीच सांगू शकत नाही. उलट्या, कमी पाणी, बिघडलेली किडनी यांनीही ते चढतं, म्हणून सोडियम आणि क्रिएटिनिन त्याच वेळेचं घ्या.

रेफरलची चिठ्ठी नीट वाचा. बाहेर डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) दिलं असेल तर कॉर्टिसॉल दबलेलं येईल. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, आणि प्रेडनिसोलोनही बऱ्याच किटमध्ये कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. इंट्यूबेशनला (श्वासनलिकेत नळी घालताना) एटोमिडेट हे भुलीचं औषध वापरलं असेल तरी कॉर्टिसॉल खाली जातं.

आणि या नळ्यांसाठी थ्रॉम्बोलिसिस (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) एक मिनिटही थांबता कामा नये. त्याआधी सर्वांची लागते ती फक्त रक्तातल्या साखरेची तपासणी.

एंडो_ओपीडी
एफटी३ कमी, टीएसएच नॉर्मल, असे रिपोर्ट भरपूर येतील. आजारपणात टी४ चं टी३ व्हायचं कमी होतं, रिव्हर्स टी३ (टी३ चं निष्क्रिय रूप) वाढतं. हा थायरॉइडचा आजार नाही, म्हणून थायरॉक्सिन सुरू करू नका. बरं होताना टीएसएच थोडा काळ चढतो, तेव्हाही घाई नको. ६ आठवड्यांनी परत तपासा. हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर एफटी४ खोटं वाढलेलं दिसतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का, हे नातेवाइकांना विचारा. स्ट्रेप्टॅव्हिडिन-बायोटिनच्या जोडीवर चालणाऱ्या किटवर त्यांनी टीएसएच खोटं कमी आणि एफटी४ खोटं जास्त येतं.

मेडिसिन_पीजी
तीन वेळांचा रकाना आजच फॉर्मवर घालते. विश्लेषणात काय सांभाळू?

बायोकेम_लॅब
वय आणि एनआयएचएसएस (स्ट्रोकच्या तीव्रतेचा गुणांक) मॉडेलमध्ये हवेतच, नाहीतर कोपेप्टिन म्हणजे नुसता स्ट्रोकच्या तीव्रतेचा आरसा. त्याच्या आकड्यांचं वितरण एका बाजूला झुकलेलं असतं, लॉग (लॉगरिदम) घ्या. कॉर्टिसॉलचं एकक एकच ठेवा: मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर गुणिले २७.६ म्हणजे नॅनोमोल प्रति लिटर.