हवा एवढी वाईट असताना सिगारेट सोडून खरंच फरक पडतो का?

धाकटी

माझा दादा पन्नाशीला टेकलाय. कॉलेजात असल्यापासून सिगारेट ओढतो, सध्या दिवसाला साधारण एक पाकीट. अलीकडे त्याला नवं कारण सापडलंय. सकाळी उठला की फोनवर हवेचा निर्देशांक बघतो आणि मला दाखवतो, "हे बघ, आजची हवा म्हणजे पाच सिगारेटी. तू न ओढता ओढतेयस. मग मी सोडून काय साधणार आहे?" वर पुस्ती अशी, की ज्यांनी जन्मात सिगारेटला हात लावला नाही त्यांनाही फुप्फुसाचा कॅन्सर होतोच ना!

मला हे उडवून लावता येत नाही, कारण त्यातलं बरंच खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, आयएआरसीने, २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचं प्रदूषण पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत, टाकलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. हे दादानेच मला वाचून दाखवलं. वहिनीने त्याच्याशी या विषयावर बोलणं सोडलंय, मला सोडवत नाही. त्याला भीती घालून उपयोग नाही, तो घाबरत नाही. हिशेबाला हिशेबानेच उत्तर हवंय. कोणी नीट समजावून सांगेल का?

निळीशाई

तुमच्या दादांच्या एका मुद्द्याची मी साक्षीदार आहे. माझ्या आईने कधी सिगारेट ओढली नाही, घरातही कोणी ओढत नव्हतं. तिला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. खोकला जात नव्हता, तर बरेच महिने ॲलर्जीची औषधं चालली, कारण "यांना कशाला कॅन्सर होईल" हेच सगळ्यांच्या डोक्यात. निदान झाल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण आधी विचारायचा, "त्या ओढायच्या का हो?" आई नाही म्हणायची, आणि तरी आपण कशाचा तरी खुलासा देतोय असं तिला वाटत राहायचं. त्या प्रश्नाने ती आजाराइतकीच थकली.

अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १०० रुग्णांपैकी १० ते २० जण कधीच न ओढणारे, किंवा उभ्या आयुष्यात १०० पेक्षा कमी सिगारेटी ओढलेले असतात. तेव्हा हवेचा प्रश्न कृपा करून लहान करू नका. दादांनी सिगारेट सोडावी, हे मात्र मलाही मनापासून वाटतं.

श्वासमापक

धाकटी, मी छातीच्या विकारांच्या विभागात तंत्रज्ञ आहे. लोकांना नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसाची ताकद मोजणं हे माझं रोजचं काम. तुमच्या दादांचा युक्तिवाद मी समोरच्या खुर्चीतून वारंवार ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी "पहिला गट". आयएआरसीचे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात. धोका किती मोठा, हे त्यात येत नाही. दोन्ही गोष्टींनी कॅन्सर होतो हे पक्कं, एवढाच त्याचा अर्थ. धोक्याचं माप वेगळं. पीएम २.५, म्हणजे हवेतले सर्वांत बारीक कण, घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका साधारण ९ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक अभ्यास एकत्र केल्यावर दिसलं. सिगारेटने तो १५ ते ३० पट होतो. टक्के कुठे आणि पट कुठे! तोच हिशेब ताणून १०० मायक्रोग्रॅम जादा धरले तरी आकडा सव्वादोन-अडीच पटीच्या आसपास येतो.

आता "पाच सिगारेटी". हे समीकरण २०१५ मध्ये बर्कली अर्थ या संस्थेने मांडलं: २२ मायक्रोग्रॅमच्या हवेत एक दिवस काढणं म्हणजे एक सिगारेट. पण ते सगळ्या कारणांनी होणाऱ्या मृत्यूंवरून काढलंय आणि प्रदूषणाच्या बळींमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताचा वाटा फार मोठा आहे. हृदयाला थोडासा धूरही बराच बाधतो, पुढे धूर वाढेल तशी वाढ मंदावते. फुप्फुसाच्या कॅन्सरचं तसं नाही, तो जवळजवळ धुराच्या प्रमाणात चढत जातो. म्हणून ते समीकरण कॅन्सरला लावता येत नाही. साधं वजन करून बघा. माणूस दिवसाला सुमारे २० घनमीटर हवा आत घेतो. हवेत १०० मायक्रोग्रॅम कण असले तर दिवसभरात २ मिलिग्रॅम झाले. एका नेहमीच्या सिगारेटच्या धुरातून १० मिलिग्रॅमच्या आसपास नुसतं टार, म्हणजे धुरातला चिकट काळा अंश, छातीत जातं.

आणि हा वाद नवा नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांचा अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या रुग्णालयांत ते फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण शोधायला निघाले, तेव्हा संशयितांत मोटारींचा धूर आणि डांबरी रस्त्यांची धूळही होती. डॉल यांचा स्वतःचा संशय आधी रस्त्यांवरच होता. पुरुष रुग्णांची उत्तरं जुळवली तर कॅन्सर झालेल्या ६४९ जणांत न ओढणारे फक्त २ निघाले, तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच जणांत २७. डॉल यांनी सिगारेट सोडून दिली. १९५१ पासून या दोघांनी ३४,००० हून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. तुमच्या दादांसाठी यातली खरी गोष्ट इथे आहे. तेव्हाच्या ब्रिटनची हवा म्हणजे कोळशाचा धूर. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये धुरक्याने हजारो माणसं मेली. ओढणारे आणि न ओढणारे डॉक्टर त्याच देशातली तीच हवा घेत होते. तरी २००४ मध्ये ५० वर्षांचा हिशेब लागला तेव्हा ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेलेले होते. साठीत सोडणाऱ्यांना सुमारे ३ वर्षं परत मिळाली, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६, चाळिशीत ९. वाईट हवेत सोडून काय उपयोग, याचं याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

"हवेमुळे होतं" हे तंबाखू कंपन्यांनीही तेव्हापासून उचलून धरलं. शंका हाच आपला माल आहे, असं अशाच एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात स्पष्ट लिहिलंय. दादा "हवेमुळे होतं" हे वाक्य स्वतःचं समजून बोलतात याचं मला वाईट वाटतं.

निळीशाई, तुमच्या आईंसारख्या रुग्णांबद्दल २०२३ मध्ये महत्त्वाचं काम प्रसिद्ध झालं. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वाँटन यांच्या गटाने दाखवलं की निरोगी फुप्फुसातही ईजीएफआरसारख्या जनुकांत बदल झालेल्या काही पेशी पडून असतात. वय वाढतं तसे असे बदल साचत जातात. बारीक कण आत गेले की तिथल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचं सूज आणणारं प्रथिन सोडतात, सूज येते आणि त्या पडून राहिलेल्या पेशी वाढायला लागतात. यात त्या माणसाचा काही दोष नसतो. खोकला हटत नसेल तर न ओढणाऱ्याचाही छातीचा फोटो वेळेत व्हायला हवा.

सिगारेटचा धूर सूज तर आणतोच, वर पेशींत नवे बदलही करतो. वर्षभर रोज एक पाकीट ओढलं तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० बदल होतात, असा २०१६ चा अंदाज आहे.

शेवटचा हिशेब दादांसमोर कागदावर करा. न ओढणाऱ्याचा धोका १ धरा. हवा १० मायक्रोग्रॅमने बिघडली की १.०९. ओढणाऱ्याचा २० धरा. दोन्ही धोके एकमेकांना गुणतात असं मानलं, तर त्याच हवेत त्याचे २१.८ होतात. म्हणजे हवेने ओढणाऱ्याला दिलेली नुसती वाढ १.८, न ओढणाऱ्याच्या एकूण धोक्याहून जास्त. हवा जितकी वाईट, तितकं सिगारेट सोडण्याचं कारण मोठं होत जातं.

धाकटी

मनापासून आभार. निळीशाई, आईंबद्दल वाचून गलबललं. मीही कोणाला तरी तो प्रश्न विचारला असता, आता नाही विचारणार.

दादाने सगळं वाचलं. डॉक्टरांच्या अभ्यासापाशी थांबला, परत वाचला. मग म्हणाला, "ठीक, पण एकदम कशाला? वीसवरून पाचवर आणतो." यावर काय सांगू?

श्वासमापक

पाचवर येणं ही सुरुवात म्हणून चांगली, तिथे मुक्काम करू नये. कॅन्सरचा धोका त्याने उतरेल, हृदयाचा फारसा नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा जादा हृदयधोका असतो, असं २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं. शिवाय कमी केलेल्या सिगारेटी माणूस खोल ओढतो.

त्यांना म्हणावं, तारीख ठरवा आणि त्याआधी डॉक्टरांना भेटा. निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम एकत्र वापरले तर नुसत्या निर्धारापेक्षा बरीच जास्त माणसं टिकतात, गोळ्याही आहेत. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा. आणि हवेचा निर्देशांक बघायची सवय मोडू नका त्यांची. वाईट दिवशी एन-९५ मास्क नीट घट्ट बसवून बाहेर पडायला तीच सवय कामाला येईल.