शब्दचर्चा: ‘झिजलेलं’ नाणं, पण नेमकं झिजलं कोण?

नमस्कार मंडळी. नाण्यांच्या ग्रेडिंगवर, म्हणजे नाण्याची अवस्था बघून प्रत ठरवण्यावर, मराठीत थोडं लिहायला घेतलंय आणि पहिल्याच पानावर अडलोय. चित्र सपाट दिसलं की आपण सरळ म्हणतो "झिजलंय". पण सपाट दिसायची निदान तीन कारणं असतात: एक तर नाणं हातोहात फिरून झिजलं, नाहीतर टाकसाळीत दाब कमी पडला आणि चित्र मुळात नीट उठलंच नाही, किंवा ज्या डायनं, म्हणजे चित्र कोरलेल्या पोलादी हत्यारानं, ते पाडलं ती डायच तोवर थकलेली होती. इंग्रजीत वेअर, वीक स्ट्राइक, वॉर्न डाय असे तीन वेगळे शब्द आहेत आणि आपल्याकडे तिघांना मिळून एकच ‘झिजलेलं’, आणि त्यामुळे वाचणारा न वापरलेलं नाणंसुद्धा फिरलेलं समजून बाजूला ठेवतो. वीक स्ट्राइकसाठी ‘पुसट’ चालेल का?

———

पुसट नको असं माझं स्पष्ट मत. पुसटमध्ये ‘पुसणं’ बसलेलंच आहे, आणि जे उमटलंच नाही ते पुसलं जाणार कसं? मी ‘अर्धवट उमटलेलं’ म्हणतो. ‘उमटणं’ इतकं नेमकं क्रियापद आपल्याकडे असताना ते का सोडायचं.

नाणं पाडताना धातू वितळलेला नसतो, दोन डायच्या मध्ये चकती दाबली जाते आणि धातू दाबानं सरकत सरकत डायच्या खोलगट जागांत चढतो. डायमधली सगळ्यात खोल जागा म्हणजे नाण्यावरचा सगळ्यात उंच भाग, आणि तो सगळ्यात शेवटी भरतो. दाब कमी पडला, दोन डायमधलं अंतर जास्त राहिलं, चकती तापवून पुरेशी मऊ केली नव्हती किंवा एका बाजूला पातळ होती, की धातू तिथवर पोचतच नाही. आता गंमत बघा, वापरात झीजसुद्धा आधी त्याच उंच भागाची होते! म्हणून तर दोन्हींचा घोळ होतो, जागा तीच, कारण मात्र उलटं.

ओळखायचं कसं तर भिंगातून त्या सपाट जागेचा पृष्ठभाग बघा. अर्धवट उमटलं असेल तर तिथे चकतीचे मूळचे बारीक ओरखडे, खडबडीतपणा तसाच राहिलेला दिसतो कारण दाबानं तो मिटलाच नाही. झीज असेल तर जागा गुळगुळीत, रंग आजूबाजूपेक्षा वेगळा आणि लस्टर, म्हणजे टाकसाळीतून आलेली मूळची चमक, तिथे तुटलेलं. आणखी एक खूण म्हणजे नाणं उलटून बरोबर त्याच्या मागची जागा बघायची. तिथेही चित्र उंच असेल तर धातू दोन्हीकडे ओढला गेला आणि पुरला नाही, असं बऱ्याचदा निघतं.

———

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, उदाहरणं देतो. अमेरिकेचं १९२६ चं डेन्व्हर टाकसाळीचं बफेलो निकल, म्हणजे मागे बायसन असलेलं पाच सेंटचं नाणं. ग्रेड ठरवताना लोक आधी बायसनचं शिंग शोधतात, पण हे नाणं इतकं कमी उमटायचं की न फिरलेल्या नाण्यावरही शिंग अपुरं असू शकतं. माझ्याकडच्या एकाला मी दोन वर्षं व्हीएफ (‘व्हेरी फाइन’, म्हणजे वापरात फिरलेल्या नाण्याची मधली ग्रेड) धरून होतो, मग एकदा तिरप्या उजेडात बघितलं तर लस्टर कडेपासून मध्यापर्यंत सलग! तेव्हापासून मी आधी पृष्ठभाग बघतो, चित्र नंतर. १९२१ चा पीस डॉलर हे चांदीचं नाणं तसंच, चित्राचा उठाव इतका ठेवला होता की मधल्या केसांत धातू पोचायचा नाही, १९२२ मध्ये उठाव कमी करावा लागला. न्यू ऑर्लिन्स टाकसाळीच्या मॉर्गन डॉलरमध्ये (त्याआधीचा चांदीचा डॉलर) कानावरचे केस आणि मागे गरुडाची छाती, ह्या दोन जागा सपाट असणं अगदी नेहमीचं.

———

तिसऱ्या प्रकाराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय. ‘झिजलेलं नाणं’ आणि ‘झिजल्या डायचं नाणं’, बघा, विशेषण कोणाला लागलंय एवढ्यावर सगळं आहे. दुसऱ्यात नाणं कोरं करकरीत असू शकतं.

डाय हजारो वेळा आपटली की धातू मध्यापासून कडेकडे सरकताना तिचा पृष्ठभाग खात जातो, बारीक बारीक चऱ्या पडतात, त्या नाण्यावर उतरतात. म्हणून अशा नाण्याची अक्षरं फुगलेली, कडेकडे ओढल्यासारखी दिसतात आणि मोकळ्या जागेला दाणेदारपणा येतो. वीक स्ट्राइकमध्ये बोथटपणा उंच जागी असतो, इथे तो अक्षरांच्या कडांपाशी, खाली, सगळीकडे पसरतो. आणि त्याच चऱ्यांमुळे लस्टर कधी कधी उलट जास्त दिसतं! मी ह्याला ‘बोथट’ म्हणते, धार गेली ती हत्याराची.

सगळ्यात बोलकं उदाहरण १९२२ चा सेंट. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरला पाडले, तरी काहींवर डेन्व्हरचं ‘डी’ अक्षरच नाही. त्यातला सगळ्यात मागणी असलेला प्रकार असा की पुढची बाजू अगदी मऊ आणि मागची खणखणीत, कारण पुढची डाय थकलेली, घासलेली आणि मागची नवी. एकाच नाण्याच्या दोन बाजू दोन ग्रेडच्या वाटतात, पुढची बाजू बघून ग्रेड दिला तर नाण्यावर अन्यायच होतो.

———

एक शंका. डायला ‘ठसा’ म्हणावं की ‘साचा’?

———

साचा नको, साच्यात ओततात, ही नाणी ओतलेली नाहीत. आणि ‘ठसा’ची अडचण अशी की हत्यारही ठसा आणि उमटतो तोही ठसा. ‘ठसा खराब आहे’ म्हटलं तर काय समजायचं? शिक्क्याचंही तेच. हत्याराला सरळ डाय, उमटतो तो ठसा, कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला डाय कळतं.

———

धन्यवाद सगळ्यांना, खूपच मोकळं झालं. म्हणजे झिजलेलं, अर्धवट उमटलेलं आणि बोथट डायचं, हे तीन घेतो. आकड्याचं असं लिहितोय, बरोबर आहे का सांगा: नाण्यांचे अमेरिकी अभ्यासक शेल्डन यांची ग्रेडची १ ते ७० ची मोजपट्टी, १९४९ मध्ये जुन्या मोठ्या सेंटसाठी केलेली, पुढे सगळ्या नाण्यांना लागली. तिच्यात ६० पासून वर म्हणजे फिरलेलं नाही. तर निव्वळ अर्धवट उमटलंय म्हणून नाणं ६० च्या खाली जाऊ नये, पण ६५ च्या वर चढायला मात्र ठसा चांगला लागतो.

———

बरोबर. त्यात एवढं घाला की काही मालिकांत ठशाची नोंद आकड्याच्या शेजारी वेगळी करतात, जसं फ्रँकलिन अर्ध्या डॉलरवर घंटेच्या रेषा पूर्ण उमटल्यात का, किंवा जेफरसन निकलवर मागच्या इमारतीच्या पायऱ्या मोजता येतात का. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, नाणं किती जपलं गेलं आणि ते पाडलं कसं गेलं हे दोन प्रश्न एकाच आकड्यात कोंबावे लागत नाहीत.

———

जाता जाता, लस्टरला चकाकी लिहू का?

———

झळाळी लिहा. चकाकी पॉलिश केलेल्या नाण्यालाही येते. उजेडात तिरकं धरून फिरवलं की नाण्यावरून चाकाच्या आऱ्यांसारखी फिरत जाते ती झळाळी, आणि झिजलेल्या जागेवर ती थांबते.